मळभातले तारे: अवकाश दुर्बिणींचा डेटा कोकणातल्या घरातून कसा वाचावा

मृग लागला की कोकणातल्या दुर्बिणी कपाटात जातात. जून ते सप्टेंबर मळभ. ऑक्टोबरात आकाश उघडतं, पण तेव्हाही खारी हवा, भिंगांवर चढणारी बुरशी आणि बंदी असूनही पश्चिमेच्या क्षितिजावर लखलखणारी एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्या बोटींची रांग असतेच. गुहागर असो, देवगड असो की मालवण, हौशी आकाशनिरीक्षकाची रड सगळीकडे सारखीच. म्हणून दुर्बीण कोणती घ्यावी हा विषय इथे नाही. ढगांच्या वर आधीच अनेक दुर्बिणी काम करतायत, त्यांनी जमवलेला बहुतेक डेटा कुणालाही फुकट मिळतो. तो वाचायला साधा लॅपटॉप, बेताचं इंटरनेट आणि बारावीपर्यंतचं गणित पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात काहीतरी ‘सापडणं’ फार सोपं आहे. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला नवा ग्रह दिसेल, आणि तो जवळजवळ नक्की ग्रह नसेल. जे सापडलं ते खोटं ठरवायचा मन लावून प्रयत्न करायचा आणि तरी उरलं तरच त्याला नाव द्यायचं, हे खरं काम. खाली सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

कुठून सुरुवात करायची

सगळ्यांना जेम्स वेब हवी असते. २५ डिसेंबर २०२१ ला उडालेली, साडेसहा मीटर आरशाची, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेली ही दुर्बीण. तिची चित्रं मोबाईलच्या वॉलपेपरवर पोचली आहेत. पण नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फाइली अवजड, उपकरणं किचकट, आणि बरीचशी निरीक्षणं ज्यांनी मागितली त्यांच्यासाठी वर्षभरापर्यंत राखून ठेवलेली असतात. हबलही पुढच्या वर्गाची.

सुरुवात करायची ती टेसपासून. नासाची ही छोटी दुर्बीण १८ एप्रिल २०१८ ला उडाली. तिचे चार कॅमेरे मिळून आकाशाचा २४ अंश रुंद आणि ९६ अंश लांब पट्टा एका वेळी पाहतात. एका पट्ट्यावर साधारण २७ दिवस टक लावायची, मग पुढचा. या एका पट्ट्याला सेक्टर म्हणतात. त्या दिवसांत निवडक ताऱ्यांचा प्रकाश दर दोन मिनिटांनी मोजला जातो. एखादा ग्रह ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश किंचित उतरतो. त्याला आपण अधिक्रमण म्हणतो. टेसचा डेटा कुणासाठी राखून ठेवलेला नसतो, तपासून झाला की सर्वांना एकदमच खुला होतो. एका ताऱ्याच्या एका सेक्टरची प्रकाशनोंद सुमारे दोन एमबीची, म्हणजे मोबाईलवर काढलेल्या एका फोटोएवढी.

टेसच्या आधी केप्लर होती, २००९ ते २०१८. तिचा डेटा अधिक नेमका आहे आणि आजही त्यातून शोध लागतात. पण तिचा मूळ तुकडा हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या आसपासचा, एकच. टेसने जवळपास सगळं आकाश पाहिलंय आणि अजून पाहतेय.

तयारी

गुगलचं खातं हवं, कारण काम कोलॅबवर करायचं. कोलॅब म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी पायथनची वही. तुम्ही आज्ञा लिहिता, त्या चालतात गुगलच्या संगणकावर, आणि डेटाही तिकडेच उतरतो. पावसात रेंज एका कांडीवर आली तरी काम अडत नाही, कारण तुमच्याकडे फक्त आलेख येतो. लाईट गेली तर लिहिलेल्या आज्ञा ड्राइव्हवर शाबूत राहतात. उतरवलेल्या फाइली मात्र सत्र संपलं की पुसल्या जातात, तेव्हा लागणाऱ्या फाइली ड्राइव्हवर वेगळ्या ठेवायची सवय लावा.

त्या वहीत लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज बसवायचं. केप्लर आणि टेसचा डेटा शोधणं, उतरवणं, आलेख काढणं हे सगळं ते करतं. त्याच्या संकेतस्थळावर तयार धडे आहेत. पायथन येत नसेल तर आधी पायथन शिकतो आणि मग ताऱ्यांकडे वळतो असं म्हणू नका, तसं म्हणणारे पायथनमध्येच अडकून बसतात. धड्यातली वही उघडा, ताऱ्याचं नाव बदला, चालवा. काय बिघडलं ते वाचत वाचत भाषा येते.

डेटाचं कोठार म्हणजे मास्ट. ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. हबल, केप्लर, टेस, वेब, सगळ्यांचा डेटा तिथे मिळतो. लाइटकर्व्ह परस्पर तिथूनच आणतं.

आणि एक कागदाची वही. कोणता तारा, कोणता सेक्टर, कोणती फाइल, काय केलं, काय वाटलं, तारखेसह. हे सांगितलं की मुलं हसतात. दोन महिन्यांनी तोच आलेख परत काढायची वेळ आली की हसत नाहीत.

आधी नुसते डोळे

आज्ञा लिहायच्या आधी काही संध्याकाळी झूनिव्हर्स या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावरच्या ‘प्लॅनेट हंटर्स टेस’ प्रकल्पावर घालवा. तिथे एकामागून एक प्रकाशवक्र समोर येतात. आडवा अक्ष काळाचा, उभा प्रकाशाचा, आणि ठिपकेच ठिपके. जिथे खाच दिसेल तिथे खूण करायची, एवढंच. मोबाईलवरही जमतं.

याने डोळा तयार होतो. गोंगाट कसा दिसतो, ताऱ्यावरच्या डागांमुळे येणारी संथ लाट कशी दिसते, दोन तारे एकमेकांना झाकतात तेव्हा पडणारे खोल खड्डे कसे असतात, हे शंभरेक वक्र पाहिल्यावर आपोआप कळायला लागतं. शिवाय तुमच्या खुणा खरोखर वापरल्या जातात. संगणकाचा कार्यक्रम ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी खाच शोधण्यात पटाईत असतो. एकदाच आलेली किंवा विचित्र आकाराची खाच त्याच्या हातून निसटते. केप्लरच्या डेटातला केआयसी ८४६२८५२ हा तारा स्वयंसेवकांच्याच नजरेत भरला. त्याचा प्रकाश कधी कधी २० टक्क्यांहूनही जास्त उतरायचा, आणि त्याला ना काही आवर्तन ना आकार. परग्रहवासीयांच्या बांधकामापर्यंत तर्क गेले. आता धूळ हे कारण सर्वाधिक मानलं जातं. २०१९ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात उन्हाळी कामाला आलेल्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने अशाच, स्वयंसेवकांनी खुणा केलेल्या वक्रांमधून दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह हेरला. तो टीओआय-१३३८ बी.

एकच तारा घ्या

आता कोलॅब. पहिला तारा म्हणून वॉस्प-१८ घ्या. टेसच्या यादीत त्याचा क्रमांक टीआयसी १००१००८२७. तो दक्षिणेकडच्या फिनिक्स तारकासमूहात आहे. कोकणातून तो नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण क्षितिजावर २५-३० अंशांपर्यंत चढतो, पण नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याभोवती गुरूच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह आहे, आणि तो एक फेरी २२ तास ३६ मिनिटांत पुरी करतो. तिथलं वर्ष आपल्या एका दिवसापेक्षा लहान. नवशिक्याला हा तारा सोयीचा, कारण उत्तर माहीत आहे, खाच ठळक आहे आणि एकाच सेक्टरमध्ये पंचवीसएक वेळा येते. माहीत असलेलं उत्तर स्वतःच्या हाताने काढता येईपर्यंत अनोळखी ताऱ्याकडे वळू नका.

लाइटकर्व्हला ताऱ्याचा क्रमांक देऊन शोध घ्या. उत्तरात एक तक्ता येतो: कोणत्या सेक्टरमध्ये तारा पाहिला, कुणी फाइल तयार केली, किती सेकंदांनी नोंद घेतली. इथेच नवखा गोंधळतो, कारण एकाच ताऱ्याच्या डझनभर फाइली दिसतात. टेसच्या अधिकृत प्रक्रिया केंद्राने तयार केलेली, १२० सेकंदांची, कोणत्याही एका सेक्टरची फाइल घ्या. बाकीच्या आज नकोत.

फाइलीत प्रकाशाचे दोन रकाने महत्त्वाचे. एक कच्चा: पिक्सेलांमध्ये जितका प्रकाश पडला त्याची बेरीज. दुसरा सुधारलेला: दुर्बिणीच्या हालचालीमुळे आणि तापमानामुळे येणारे चढउतार काढून टाकलेला. सुधारलेलाच वापरायचा, पण कच्चा एकदा तरी शेजारी ठेवून पाहायचाच. कच्च्यामध्ये दिसतं आणि सुधारलेल्यात नाही, किंवा उलट, असं काही आढळलं तर वहीत नोंद. काळाचा रकानाही ओळखीच्या तारखांत नसतो. ज्यूलियन दिवसांतून २४५७००० वजा केलेला आकडा तिथे असतो, आणि तो सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरून मोजलेला असतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी आधी तर कधी नंतर पोचतो. हा फरक आठ मिनिटांपर्यंत जातो.

आलेख काढलात की मध्यभागी एक मोकळी जागा दिसेल. घाबरू नका. टेसची कक्षा १३.७ दिवसांची आहे. पृथ्वीजवळ आली की ती डेटा खाली पाठवते आणि तेवढा वेळ आकाश पाहत नाही.

मग साफसफाई. रिकाम्या नोंदी काढा, दर्जा खराब असल्याची खूण असलेल्या काढा. वर उडालेले सुटे ठिपके काढले तर चालतात, खालचे मात्र यंत्राच्या भरवशावर काढू नका, तुम्हाला हवा असलेला ग्रह त्या खालच्या ठिपक्यांतच असतो. यानंतर वक्र सपाट करायचा, म्हणजे संथ लाटा काढायच्या. त्यासाठी एक खिडकी ठरवावी लागते, म्हणजे किती तासांच्या पट्ट्यावरून सरासरी कल काढायचा ते. खिडकी अधिक्रमणाच्या कालावधीच्या निदान तिप्पट हवी. वॉस्प-१८ चं अधिक्रमण दोन तासांपेक्षा थोडं जास्त चालतं, तेव्हा सात तासांहून लहान खिडकी ठेवलीत तर सपाट करताना ग्रहही सपाट होईल. तीन वेगवेगळ्या खिडक्या ठेवून तीन आलेख काढून बघा. खाचेची खोली बदलते का? हा खेळ कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

आवर्तन आणि घडी

आता खाच किती दिवसांनी परत येते ते शोधायचं. लाइटकर्व्हमध्ये त्यासाठी चौकोनी खाचा शोधणारी पद्धत तयार आहे. तिला आवर्तनकाळाची मर्यादा द्यायची, उदाहरणार्थ अर्धा ते दहा दिवस. मग ती प्रत्येक शक्य काळ तपासून कोणता सर्वांत चांगला बसतो ते सांगते. आलेखात एक उंच सुळका येईल, ०.९४ दिवसांच्या आसपास. त्याच्या दुप्पट आणि तिप्पट काळांवरही लहान सुळके दिसतील, ते त्याचेच नातेवाईक.

काळ मिळाला की वक्राची घडी घालायची. बंदरावरच्या पाण्याच्या पातळीची महिनाभराची नोंद घ्या, तिचे दर १२ तास २५ मिनिटांनी तुकडे करा आणि सगळे एकमेकांवर ठेवा, तर उधाण-भांगाचा फरक असूनही भरती-ओहोटीचा एक स्वच्छ आकार उमटेल. पण १२ तास १५ मिनिटांनी तुकडे केलेत तर सगळं सरकत जाऊन नुसता चिखल. ताऱ्याचंही तसंच. काळ बरोबर असेल तर पंचवीस खाचा एकावर एक बसून एक रेखीव खड्डा तयार होतो. तो दिसला की मान्य करा, हात थरथरतो.

खड्डा सुमारे एक टक्का खोल आहे. झाकलेलं क्षेत्रफळ ताऱ्याच्या शंभराव्या भागाएवढं, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या दहाव्या भागाएवढी, एक शतांशाचं वर्गमूळ. हा तारा सूर्याच्या साधारण सव्वापट आहे आणि सूर्याची त्रिज्या गुरूच्या ९.७ पट. गुणाकार करा: ०.१ गुणिले १.२५ गुणिले ९.७, उत्तर १.२. म्हणजे ग्रह गुरूपेक्षा थोडा मोठा. प्रसिद्ध शोधनिबंधांतलं उत्तरही याच्या जवळपास आहे. अंदाज यावा म्हणून सांगतो, दूरवरून कुणी आपल्या सूर्याकडे पाहत असेल तर पृथ्वीमुळे पडणारी खाच फक्त ०.००८४ टक्के खोल असेल. टेसमध्ये गुरूएवढे ग्रह का पटकन दिसतात आणि पृथ्वीएवढे का नाही, ते यावरून कळतं.

आता संशय

इथून पुढे अनोळखी तारा. खाच दिसली आहे, आवर्तन मिळालं आहे, घडी सुरेख बसली आहे. शेजारचे काका पडवीतून विचारतायत, “काय, गावला काय?” त्यांना “अजून नाय” म्हणून सांगा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

सर्वांत मोठा भामटा म्हणजे एकमेकांना झाकणारे जोडतारे. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना आलटून पालटून झाकले जातात आणि दोन खाचा पडतात. दोन्ही साधारण सारख्या असल्या तर संगणक त्यांना एकच समजतो आणि खऱ्याच्या निम्मा काळ देतो. म्हणून सम आणि विषम क्रमांकाच्या खाचा वेगळ्या करून त्यांची खोली ताडून पाहायची. फरक असेल तर विषय संपला. मग घडी घातलेल्या वक्रात बरोबर मध्ये, म्हणजे खाचेपासून अर्ध्या काळावर, दुसरी लहान खाच आहे का पाहा. असेल तर बहुधा जोडतारा. बहुधा म्हणतो, कारण वॉस्प-१८ चा ग्रह इतका तापलेला आहे की तो ताऱ्यामागे गेला की सुमारे ०.०३ टक्क्याची खाच टेसलाही दिसते. एक टक्क्याच्या खाचेसमोर ०.०३ हे ग्रहाचं लक्षण असू शकतं, एकासमोर अर्धा टक्का म्हणजे ताराच. आकारही बोलतो. ग्रहाच्या खड्ड्याला तळ असतो, ताऱ्यांच्या ओझरत्या ग्रहणाचा खड्डा टोकदार असतो. पण हा पुरावा एकटा कधी वापरू नका, काठावरून जाणारा ग्रहही टोकदार खड्डा पाडतो.

दुसरा भामटा शेजारी असतो. टेसचा एक पिक्सेल आकाशाच्या २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडा झाकतो, आणि तेवढ्यात कितीतरी तारे मावतात, विशेषतः आकाशगंगेच्या पट्ट्यात. तुमचा तारा शांत असेल आणि त्याला चिकटून असलेला मंद जोडतारा निम्मा झाकला जात असेल तरी एकत्रित प्रकाशात एक टक्क्याची ग्रहासारखी खाच दिसते. यासाठी पिक्सेलची फाइल उतरवा. ती चाळीसएक एमबीची असते. एकेका पिक्सेलचा वक्र वेगळा काढून खाच नेमकी कुठे सर्वांत खोल आहे ते बघा. ती तुमच्या ताऱ्यावर नसून कडेच्या पिक्सेलवर असेल तर उत्तर मिळालं. मग गाया या युरोपीय दुर्बिणीने केलेल्या ताऱ्यांच्या सूचीत एका मिनिट कोनाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, परिसरात आणखी कोण कोण आहे त्याची यादी काढा.

तिसरा दुर्बिणीचा स्वतःचा. दिशा धरून ठेवणाऱ्या चाकांचा वेग अधूनमधून उतरवावा लागतो, तेव्हा चित्र क्षणभर हलतं. पृथ्वी-चंद्राचा प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. एखादा लघुग्रह ताऱ्याजवळून जातो. पडताळणी सोपी: त्याच सेक्टरमधले, त्याच कॅमेऱ्यातले दुसरे पाच-सहा तारे घ्या. त्याच वेळी त्यांनाही खाच असेल तर ती आकाशातली नाही.

हे सगळं नकारघंटा वाजवल्यासारखं वाटत असेल तर विजयदुर्गाचं उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी आपल्या किनाऱ्यावरून गेली आणि किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’शी हेलियमच्या शोधाची गोष्ट जोडली गेली. आपल्याकडे ती अभिमानाने सांगतात, मलाही आवडते, पण नोंदी बघाव्यात. शोधाचं श्रेय ज्यांना देतात त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण पाहत होता गुंटूरला. दुसरा, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, याने सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहिली ती इंग्लंडमधून, २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवायच. ग्रहणात ती रेषा अनेकांना दिसली होती, आणि सोडियमची ठळक जोडरेषा ५८९ नॅनोमीटरपाशी असल्याने ही सोडियमचीच असं वाटणं साहजिक होतं. नवी रेषा आहे ५८७.६ वर. मधला एवढासा फरक मोजला आणि शेजारच्या ओळखीच्या रेषेला आधी बाजूला काढलं, म्हणून नवं मूलद्रव्य मिळालं. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं.

सगळ्यातून तारा तरला, तर शेवटचं पाहायचं: हे आधीच कुणाला माहीत आहे का? नासाच्या बाह्यग्रह सूचीत आणि एक्सोफॉप या संकेतस्थळावर क्रमांक टाका, सिम्बाड सूचीत ताऱ्याचा प्रकार बघा, एडीएसवर त्याच्या नावाचे शोधनिबंध शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी आधी पोचलेलं असतं. त्यात खट्टू होण्यासारखं काही नाही, तुमची पद्धत बरोबर असल्याची ती पावती. निबंध पूर्ण समजत नसेल तर सारांश, आकृत्या आणि शेवटचा निष्कर्ष एवढंच वाचा, आकृत्यांमध्ये तुम्ही काढलेलाच आलेख दिसेल.

ग्रह नसला तरी

खरं सांगायचं तर नवख्याने ग्रहांमागे लागण्यापेक्षा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांमागे लागावं. ग्रहांवर जगभरातली मोठी पथकं टपून बसलेली आहेत. रूपविकारी तारे मात्र टेसच्या डेटात ढिगाने पडले आहेत: काही तासांत धडधडणारे, डागांमुळे डुलणारे, एकमेकांना इतके चिकटलेले जोडतारे की त्यांचा वक्र सपाट कधी होतच नाही. मघाशी जे भामटे म्हणून हाकलले तेच इथे पाहुणे. आवर्तन शोधायची पद्धत थोडी वेगळी, कारण हे बदल खाचेसारखे नसून लाटेसारखे असतात. लाइटकर्व्हमध्ये तीही आहे. काळ बदलतो का, दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या सेक्टरांत खाच अपेक्षित वेळेपेक्षा आधी येते की उशिरा, असे प्रश्न एका माणसाला एका पावसाळ्यात पेलतात.

कृत्तिका, गायाच्या नजरेतून

ताऱ्यांचा अभ्यास म्हणजे फक्त प्रकाशवक्र नव्हे. युरोपच्या गाया दुर्बिणीने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची जागा, अंतर आणि चाल मोजली. दुर्बीण २०२५ मध्ये बंद केली गेली, पण तिचा डेटा अजून वर्षानुवर्षं येत राहील. आज हाताशी आहे ती जून २०२२ ची तिसरी आवृत्ती.

सराव असा. टॉपकॅट हा मोफत कार्यक्रम लॅपटॉपवर घ्या आणि कृत्तिकांच्या भोवती दोन अंशांतले सगळे तारे गायाच्या सूचीतून मागवा. हजारो येतील, त्यांतले बहुतेक पुढचे-मागचे परके. आता दोन गाळण्या लावा. पहिली पराशयाची (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो, तो कोन; तारा जितका जवळ तितका मोठा): ७ ते ७.८ सहस्रांश विकला एवढेच ठेवा. दुसरी चालीची: पूर्वेकडे वर्षाला सुमारे २० आणि दक्षिणेकडे ४५ सहस्रांश विकला सरकणारे. जे उरतील ते एकाच कुटुंबातले, एकत्र चाललेले. हजाराला पराशयाने भागलं की अंतर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) मिळतं: ७.४ ने भागा, १३५, म्हणजे सुमारे ४४० प्रकाशवर्षं. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेव्हा आज आपल्याला दिसणारा कृत्तिकांचा प्रकाश वाटेवर होता.

मग आडव्या अक्षावर रंग आणि उभ्यावर तेजस्विता ठेवून आलेख काढा. वर निळे, खाली तांबडे, एक तिरकी रेघ उमटेल. नीट पाहिलंत तर तिला समांतर, थोडी वर, एक फिकट रेघ दिसते, पाऊण प्रतीने तेजस्वी. ते एकटे नसून जोडीने राहणारे तारे आहेत, दोघांचा प्रकाश एकत्र मोजला गेलेले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसतं तरी आलेखाने सांगितलं असतं.

दीर्घिकांबद्दल थोडक्यात

दीर्घिकांचं काम चित्रांवर चालतं, आणि चित्रं जड असतात. सुरुवात पुन्हा झूनिव्हर्सवरूनच, ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पात. २००७ मध्ये तो सुरू झाला आणि त्याच वर्षी हॉलंडमधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शिक्षिकेने एका दीर्घिकेशेजारचा विचित्र ढग दाखवून दिला. वेबची चित्रं स्वतः रंगवायची असतील तर मास्टवरून एकाच जागेच्या तीन वेगवेगळ्या फिल्टरांतल्या फिट्स फाइली (खगोलशास्त्रात वापरला जाणारा फाइलप्रकार) घ्या. सर्वांत लहान तरंगलांबी निळी, सर्वांत मोठी तांबडी. वेब अवरक्त प्रकाश पाहते, तेव्हा हे रंग डोळ्यांना दिसणारे नसतात, आपण नेमून दिलेले असतात. ही कामं घरच्या वाय-फायवर, रात्री लावून ठेवायची.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटला विसरू नका. २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या या दुर्बिणीचा डेटा इस्रोच्या केंद्रातून नोंदणी करून मिळतो. तिच्या अतिनील दुर्बिणीतून पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची एक दीर्घिका टिपली आणि ते २०२० मध्ये जाहीर झालं. महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेतलं असेल तर आयुकाचे विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम नियमित पाहत जा.

कुणाला कळवायचं

ग्रहासारखं काही वाटलं तर प्लॅनेट हंटर्सच्या चर्चाविभागात ताऱ्याचा क्रमांक, सेक्टर, काळ, खोली आणि तुम्ही केलेल्या तपासण्या लिहून टाका. तिथे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ येऊन वाचतात. ‘मला ग्रह सापडला’ असं लिहू नका, ‘या क्रमांकाच्या ताऱ्यात अशी खाच दिसते, सम-विषम फरक नाही, शेजारी अमुक तारा आहे’ असं लिहा. उत्तर लवकर येतं.

नवा रूपविकारी तारा असेल तर अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था जगभरातल्या हौशींकडून नोंदी घेते. तिच्या सूचीत आधी शोधा. नसेल तर खातं काढून अर्ज भरा: जागा, प्रकार, काळ, तेजाचा पल्ला, घडी घातलेला वक्र आणि कोणता डेटा वापरला ते. तपासनीस माणसं असतात, शंका काढतात, परत पाठवतात. टेसचा डेटा असेल तर त्यांचा हमखास प्रश्न एकच: बदल याच ताऱ्याचा कशावरून, शेजारच्याचा का नाही? पिक्सेलनिहाय काढलेले आलेख पहिल्याच अर्जाला जोडा.